अ‍ॅड्रेनॅलिनचे दोन धनी

घोळणा फुटलेला रुग्ण तातडीच्या उपचार विभागात आला की त्याला पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे दाबून धरतात. तेवढ्याने रक्त थांबले नाही, तर औषधात भिजवलेला कापसाचा बोळा नाकपुडीत बसवितात. रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्त थोपविणाऱ्या अशा औषधांपैकी एक म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन. ते शुद्ध स्वरूपात मिळविल्याचे श्रेय इतिहास जोकिची ताकामिने यांना देतो. ते एकट्याचे आहे काय, हा प्रश्न मात्र विचारावयास हवा.

ताकामिने १८५४ साली जपानमधील ताकाओका येथे जन्मले. वडील वैद्य, आजोळी तांदळापासून साके हे मद्य करण्याचा व्यवसाय. टोकियो व ग्लासगो येथे शिकून १८९० मध्ये ते अमेरिकेस गेले. बुरशीच्या साहाय्याने व्हिस्की करण्याची त्यांची पद्धत माल्ट उत्पादकांच्या विरोधापुढे टिकली नाही. खचून न जाता त्यांनी त्याच बुरशीपासून टाका-डायास्टेस हे पाचक औषध सिद्ध केले आणि १८९४ मध्ये त्याचे पेटंट मिळविले.

पुढे पार्क-डेव्हिस कंपनीसाठी त्यांनी मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींचा अर्क शुद्ध करण्याचे काम अंगावर घेतले. जॉन एबेल यांच्यासारखे नामवंत संशोधक तेव्हा याच शोधात होते. १९०० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधील तळघरातल्या लहानशा प्रयोगशाळेत त्या द्रव्याचे स्फटिक हाती आले. ते मिळविणारे हात होते केइझो उएनाका या चोवीस वर्षांच्या साहाय्यकाचे. पेटंट मात्र १९०३ मध्ये एकट्या ताकामिने यांच्या नावे झाले. उएनाकांची प्रयोगवही पुढे उजेडात आली, म्हणून त्यांचा वाटा जगाला कळला.

विषयाची निवड, पैसा आणि जोखीम ताकामिने यांची होती, हे नाकारता येणार नाही. परंतु तेवढ्याने साहाय्यकाचे ऋण फिटत नाही. वॉशिंग्टनला १९१२ मध्ये पोहोचलेल्या तीन हजारांवर चेरीच्या झाडांसाठी ताकामिने यांनी पैसा दिला. भेट मात्र टोकियो शहराच्या नावे गेली. स्वतःचे नाव मागे ठेवण्याचे औदार्य त्यांच्यापाशी होते. दुसऱ्याचे नाव पुढे आणण्याचे औदार्य त्या पेटंटात दिसले नाही. १९२२ मध्ये ते न्यूयॉर्कला निवर्तले. आपल्या पाठ्यपुस्तकांत अ‍ॅड्रेनॅलिनचा शोध शिकविताना ताकामिने यांच्या शेजारी उएनाका हे नाव लिहिले जावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.