समजून घ्या : टपालाच्या घोळामुळे सेगावचे ‘सेवाग्राम’ कसे झाले? गांधीजी आणि वाचकांच्या पत्रांची कहाणी

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर असलेले सेवाग्राम आज जगाला माहीत आहे. मात्र १९४०पर्यंत या गावाचे नाव सेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातील, रेल्वेमार्गावरच्या शेगावशी ते जुळत असल्याने महात्मा गांधींच्या टपालात घोळ होत असे. तो टाळण्यासाठी गावाचे नाव बदलण्यात आले. एका खेड्यात एवढी पत्रे का येत होती, याचे एक उत्तर गांधीजींच्या पत्रकारितेत सापडते. त्यांच्या साप्ताहिकांचा मोठा भाग वाचकांच्या पत्रांवर उभा होता.

सुरुवात कशी झाली?

गांधीजी संपादक होण्याआधी स्वतः पत्रलेखक होते. १८९३मध्ये डर्बनच्या न्यायालयात त्यांना पगडी उतरवण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि ते बाहेर पडले. त्यावर स्थानिक वृत्तपत्राने त्यांना नको असलेला पाहुणा ठरवले. तेव्हा २३ वर्षांच्या या बॅरिस्टरने त्याच वृत्तपत्राला पत्र लिहून आपली बाजू मांडली.

दहा वर्षांनी, जून १९०३मध्ये ‘इंडियन ओपिनियन’ सुरू झाले. दक्षिण आफ्रिकेत विखुरलेल्या भारतीयांना एकमेकांची खबर देणारे हे साप्ताहिक होते. नवे कायदे, सभा, देणग्यांच्या याद्या, तुरुंगात गेलेल्यांची माहिती त्यात छापली जाई.

‘सत्याग्रह’ शब्दाशी वाचकांचा काय संबंध?

तिथल्या लढ्याला ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ म्हटले जाई. हे नाव गांधीजींना पटत नव्हते. त्यांनी ‘इंडियन ओपिनियन’मधून वाचकांकडे नवे नाव मागितले आणि छोटे बक्षीसही जाहीर केले. मगनलाल गांधी यांनी ‘सदाग्रह’ सुचवले. गांधीजींनी त्यात बदल करून ‘सत्याग्रह’ केले. १९०९मध्ये जहाजावर लिहिलेल्या ‘हिंद स्वराज’ची मांडणीही वाचक आणि संपादक यांच्या संवादाची आहे. त्यातला वाचक उलट प्रश्न विचारतो, सहजासहजी मान्य करत नाही.

‘हरिजन’मध्ये काय छापले जाई?

१९१९पासून ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’ त्यांच्या हाती आली. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्यातून ‘हरिजन’चा पहिला अंक निघाला, तेव्हा ते येरवडा तुरुंगात होते. कुठे मंदिर खुले झाले, कुठे विहीर, कुठे शाळा सुरू झाली, अशा गावोगावच्या नोंदी त्यात येत. राजधानीतील घडामोडींइतकेच एखाद्या विहिरीवरच्या पाण्याला त्यात महत्त्व होते.

वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिर १९२८मध्येच अस्पृश्यांसाठी खुले केले होते. नोव्हेंबर १९३३मध्ये गांधीजींची अस्पृश्यताविरोधी देशव्यापी यात्राही वर्ध्यातूनच निघाली.

टीकेच्या पत्रांचे काय होई?

ती छापली जात. पहिल्या अंकासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे संदेश मागितला होता. त्यांनी संदेश देण्याचे नाकारले. जातिव्यवस्था संपल्याशिवाय अस्पृश्यता जाणार नाही, असे मत त्यांनी कळवले. ते मत ‘हरिजन’मध्ये गांधीजींच्या टिप्पणीसह छापले गेले. दोघांमधील मतभेद मिटले नाहीत, पण दोन्ही बाजू वाचकांसमोर आल्या.

सेवाग्राममधून काम कसे चाले?

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावला आले. सचिव महादेवभाई देसाई सुरुवातीला वर्ध्याच्या मगनवाडीत राहत आणि उन्हातान्हात पायी ये-जा करत. उजवा हात थकला की गांधीजी डाव्या हाताने लिहीत. आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठीही वाया जात नसत. १९४०पासून ‘हरिजन’मध्ये वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे स्वतंत्र सदरच सुरू झाले. आहारापासून अहिंसेपर्यंत कुठलाही विषय त्याला वर्ज्य नव्हता. या साप्ताहिकांना जाहिराती नव्हत्या. त्यामुळे वाचक हाच त्यांचा खरा आधार होता.

हा संवाद कधी तुटला?

दोनदा. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे यांनी वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. त्याच्या बातम्यांवर सरकारने बंधने घातली. मजकूर आधी सरकारला दाखवून छापण्यापेक्षा गांधीजींनी साप्ताहिके थांबवली. जानेवारी १९४२मध्ये ती पुन्हा निघाली. मात्र ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ आंदोलनावेळी सरकारनेच ‘हरिजन’ बंद पाडले. १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाईंचे पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत निधन झाले.

पुढे काय झाले?

फेब्रुवारी १९४६मध्ये ‘हरिजन’ परतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गांधीजींनी सेवाग्राम सोडले. पुन्हा इथे येणे त्यांना जमले नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली. त्यानंतर वर्ध्यात राहणाऱ्या किशोरलाल मशरूवाला यांनी १९५२मध्ये निधन होईपर्यंत ‘हरिजन’चे संपादन केले. १९५६मध्ये हे साप्ताहिक बंद झाले.

गांधीजींच्या इंग्रजी संकलित वाङ्मयाचे १०० खंड आहेत. त्यांतील मोठा वाटा पत्रांचा आहे. अनेक उत्तरांमागे कुणीतरी अनोळखी माणूस आहे, ज्याने प्रश्न विचारायला पोस्टकार्ड लिहिले होते.