नेम आणि नियम : दादासाहेब मावळंकर

लोकसभेचे पहिले सभापती म्हणून गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर सर्वांना ठाऊक आहेत. परंतु ज्या घरातील मुले पिस्तुलाच्या नेमबाजीचा सराव करतात, त्या घरी हे नाव निराळ्या कारणाने घेतले जाते. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या आधीची अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा दादासाहेबांच्याच नावाने भरते. गांधीजींच्या अनुयायाचे नाव पिस्तूल-बंदुकीच्या खेळाशी कसे जोडले गेले, हे फ्रीगंजातील जुन्या मंडळींनीही जाणून घेण्यासारखे आहे.

मावळंकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. दादासाहेबांचा जन्म मात्र २७ नोव्हेंबर १८८८ रोजी गायकवाडांच्या बडोद्यात झाला. राजापूर वगैरे ठिकाणी आरंभीचे शिक्षण घेऊन १९०२ मध्ये ते अहमदाबादेस गेले आणि तेथलेच झाले. गुजरात कॉलेजातून पदवी, १९१२ मध्ये कायद्याची परीक्षा आणि पुढल्या वर्षी वकिली, असा त्यांचा क्रम होता. गुजराती समाजात ते इतके मिसळले, की तुरुंगात भेटलेल्या कैद्यांविषयीचे आपले पुस्तक त्यांनी गुजरातीतच लिहिले.

खेडा सत्याग्रहात ते गांधीजींच्या आणि वल्लभभाईंच्या बरोबर होते. असहकाराच्या काळात त्यांनी वकिली बाजूला ठेवली, अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले आणि वेळोवेळी कारावास सोसला. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे सभापती झाले. १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाच्या अध्यक्षपदी ६६ विरुद्ध ६३ अशा अवघ्या तीन मतांनी निवडून आले, आणि १९५२ मध्ये लोकसभेचे सभापती झाले. १९५४ च्या डिसेंबरात त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आला व फेटाळला गेला. टीका झाली तरी सभागृह नियमाने चालले पाहिजे, हा त्यांचा बाणा होता.

याच दादासाहेबांच्या अध्यक्षतेखाली १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. वरवर पाहता यात विसंगती दिसते. पण १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले, याची सल स्वतः गांधीजींनाही होती. शस्त्र हाती नसणे निराळे, आणि हाती असूनही मन ताब्यात ठेवणे निराळे. नेमबाजीचा खेळ ही दुसरी गोष्ट शिकवितो.

म्हणूनच मुलाला पिस्तूल घेऊन देताना या खेळाचे नियम आधी समजून घ्यावेत. स्पर्धेत पिस्तूल एकाच हाताने धरावे लागते. दहा मीटरवरील हवेच्या पिस्तुलाचे वजन दीड किलोच्या आत असावे लागते आणि चापाला निदान ५०० ग्रॅमचा ताण लागतो. पंचवीस मीटरवरील पॉइंट टू-टू पिस्तुलासाठी हेच आकडे १४०० आणि १००० ग्रॅम आहेत. नवशिक्याने हवेच्या पिस्तुलापासूनच आरंभ करावा. त्याला धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे हाताची चूक लपत नाही. पॉइंट टू-टूची पाळी पुढे, परवान्याचे सोपस्कार रीतसर पुरे करून.

तानपुरा घेताना जाणता माणूस भोपळ्यावरील नक्षी पाहत नाही. जवारी बोलते का आणि वाद्य न अवघडता मांडीवर बसते का, एवढेच पाहतो. पिस्तुलाचेही तसेच आहे. मूठ तळहातात भरून बसावी, बोट चापापर्यंत सहज पोचावे, मनगट मोकळे राहावे. डावखुऱ्याने डाव्या हाताचीच मूठ मागावी. तोंड जड असलेले पिस्तूल स्थिर वाटते खरे, पण साठ गोळ्यांच्या फेरीअखेर कोवळा हात थरथरू लागतो. म्हणून दुकानात क्षणभर उचलून निर्णय करू नये. पॉइंट टू-टूची पारख निरनिराळ्या काडतुसांनी करावी, कारण प्रत्येक पिस्तुलाला प्रत्येक काडतूस मानवत नाही. रॅपिड फायरमध्ये पाच गोळ्या आठ, सहा आणि शेवटी चारच सेकंदांत झाडायच्या असतात. तेथे अडणारे हत्यार कितीही देखणे असले तरी कुचकामी. आणि पिस्तूल रिकामे असले तरी भरलेले समजावे, हा पहिला धडा घरातच द्यावा.

दादासाहेब २७ फेब्रुवारी १९५६ रोजी निवर्तले. त्यांनी ज्याचा पाया घातला, त्या खेळाने पुढे चांगली फळे दिली. आपल्या माळव्यातील महूच्या लष्करी केंद्रात तयार झालेल्या विजय कुमारांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे रौप्यपदक मिळविले, आणि कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक. सभापतीच्या आसनावर काय किंवा नेमबाजीच्या रेषेवर काय, हात स्थिर लागतो आणि राग बाहेर ठेवून यावे लागते. मावळंकर स्पर्धेला निघालेल्या मुलाला एवढे कळले, तर ते नाव त्याने सार्थ केले असे म्हणता येईल.