समजून घ्या : मुळशीचे धरण आणि सेनापती बापट

धाराशिव शहराला उजनी धरणातून पाणी येते. उजनी भीमा नदीवर आहे. या भीमेच्या खोऱ्यातच, मुळा नदीवर, शंभर वर्षांपूर्वी विजेसाठी मुळशी धरण बांधले गेले. त्याविरुद्धच्या लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव दिले.

बापट कोण होते?
जन्म १२ नोव्हेंबर १८८०, पारनेर (जि. अहिल्यानगर). डेक्कन कॉलेजात शिकून ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले. तिकडे क्रांतिकारकांशी संबंध आला. पॅरिसमध्ये बॉम्बचे तंत्र मिळवून ते १९०८ मध्ये परतले. पुढे काही काळ भूमिगत राहिले, तुरुंगवासही झाला.

वाद कशाचा होता?
टाटा कंपनीला मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वेसाठी वीज हवी होती. धरणामुळे ५० हून अधिक गावांची जमीन जाणार होती. भातशेती करणाऱ्या मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू केला. सरकारने मात्र कायद्याने जमीन संपादित करून कंपनीला दिली. अनेक जमिनी सावकारांकडे गहाण होत्या. त्यांना रोख मोबदला चालणार होता, कुळांना जमीनच हवी होती.

बापटांनी काय केले?
ते वारंवार तुरुंगात गेले. लढा मावळू लागला तेव्हा १९२४ मध्ये त्यांनी साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. त्यासाठी सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ मध्ये ते सुटले, तेव्हा धरण उभे राहिले होते.

वीज कशी तयार होते?
मुळशीचे पाणी बोगदा आणि मोठ्या नळांतून सह्याद्रीखाली, रायगड जिल्ह्यातील भिरा येथे सोडतात. सुमारे ५०० मीटर उंचीवरून आलेल्या पाण्याच्या जोरावर टर्बाइन फिरते. १९२७ पासून हे केंद्र सुरू आहे.

धाराशिवशी संबंध काय?
वीज झाल्यावर हे पाणी कुंडलिका नदीतून अरबी समुद्राकडे जाते. ते पूर्वेकडे वाहिले असते, तर मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत पोहोचले असते. म्हणूनच दुष्काळात हे पाणी भीमा खोऱ्यात सोडण्याची मागणी होते.

बापट नंतर गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. विजेची किंमत कोणी मोजायची, हा मुळशीचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. तेव्हा तो जमिनीचा होता, आज पाण्याचाही आहे.