सारा विंचेस्टर : वाड्यामागील विधवा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन होजे या शहरी, सुमारे १६० खोल्यांचा एक प्रचंड लाकडी वाडा आहे. त्यातील एक जिना थेट छताला जाऊन भिडतो, तर वरच्या मजल्यावरील एक दरवाजा उघडला असता पुढे पाऊल ठेवावयास जागा नाही. विंचेस्टर बंदुकांना बळी पडलेल्यांचे आत्मे येथे वावरतात आणि त्यांच्या भयानेच मालकिणीने अहोरात्र बांधकाम चालू ठेवले, अशी आख्यायिका आहे. त्या मालकिणीचे खरे चरित्र मात्र भुतांच्या गोष्टींहून अधिक हृदयस्पर्शी आहे.

सारा पार्डी यांचा जन्म इ.स. १८३९च्या सुमारास कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे झाला. वडील लाकूडकाम करणारे होते. १८६२ साली त्यांचा विवाह विल्यम विंचेस्टर यांच्याशी झाला. सासरे ऑलिव्हर यांच्या कारखान्यातील बंदुका पुढे जगभर गाजल्या. १८६६च्या जून महिन्यात त्यांना कन्यारत्न झाले. तिचे नाव ॲनी. परंतु बाळाच्या अंगी अन्न लागेना. अवघ्या चाळीस दिवसांत ते मातेच्या डोळ्यांदेखत झिजून गेले. पुन्हा त्या घरी पाळणा हलला नाही.

पुढे १८८०च्या मे महिन्यात आई, डिसेंबरात सासरे आणि १८८१च्या मार्चमध्ये क्षयरोगाने पती, असे तीन आधार एका वर्षाच्या आत तुटले. हाती अपार संपत्ती आली, पण ती ज्यांच्यासमवेत भोगावयाची तेच उरले नाहीत.

१८८६ साली साराबाईंनी सॅन होजेजवळ आठ खोल्यांचे शेतघर विकत घेतले व ते वाढविण्यात मन रमविले. आराखडे त्या स्वतःच करीत. संधिवाताने पाय उचलवेनात, म्हणून त्यांनी अगदी बुटक्या पायऱ्यांचे जिने करविले. १८ एप्रिल १९०६च्या भूकंपात सात मजली मनोरा कोसळला. पडलेला भाग त्यांनी पुन्हा उभारला नाही. तुटके जिने व निराधार दरवाजे तसेच राहिले. त्यानंतर मोठे बांधकाम जवळजवळ थांबलेच.

त्या एकांतप्रिय होत्या. लोकांनी त्यांच्या मौनाचा अर्थ वेड असा लावला. १८९५च्या सुमारास वर्तमानपत्रे नाना वावड्या उठवू लागली. साराबाईंनी उत्तर दिले नाही. एका मांत्रिकाने त्यांना बांधकामाचा आदेश दिला, या गोष्टीला कोणताही पुरावा नाही.

याच काळात त्यांनी पतीच्या स्मरणार्थ न्यू हेवनच्या इस्पितळाला क्षयरुग्णांसाठी दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम दिली. त्याची मात्र फारशी चर्चा झाली नाही.

५ सप्टेंबर १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी वाडा तिकीट लावून लोकांना खुला करण्यात आला आणि भुतांच्या कथांना बहर आला. साराबाई मात्र त्या वाड्यापासून फार दूर, न्यू हेवनच्या दफनभूमीत, पती आणि चाळीस दिवसांच्या ॲनीजवळ विसावल्या आहेत.