कुठल्या संख्येचं मूळ निघतं? सह्याद्रीतल्या भास्कराचार्यांनी तेव्हाच सांगितलं

महाड-पोलादपूरच्या डोक्यावर उभ्या असलेल्या सह्याद्रीच्याच आसऱ्याला आपलं विज्जलविड गाव असल्याचं भास्कराचार्यांनी लिहून ठेवलंय. जन्म १११४ चा. गणित शिकवलं वडिलांनी, महेश्वरांनी. ३६ व्या वर्षी, ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' लिहून झाला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' त्यातलेच.

गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तुकडा चौरस असेल तर बाजू ३३ फूट, कारण ३३ गुणिले ३३ बरोबर १०८९. पण दोन गुंठ्यांचा चौरस घ्या, बाजू पुरती निघतच नाही. त्यासाठी २ चं मूळ लागतं, आणि अशा मुळाला म्हणतात करणी (देवरुषाकडची नव्हे!). भास्कराचार्यांची युक्ती सोपी. २ ला १०,००० सारख्या मोठ्या वर्गाने गुणा, २०,००० चं जवळचं मूळ १४१ घ्या, १०० ने भागा. आलं १.४१. ते ३३ पट केलं की साधारण साडेसेहेचाळीस फूट. चूक दीड-दोन इंचांची. वर्ग आणखी मोठा घेतला की तीही कमी होते.

२५ ला मुळं दोन, ५ आणि वजा ५. वजा २५ ला मात्र मूळ नाही, कारण कुठलीही संख्या स्वतःशी गुणून वजा येत नाही, हे त्यांनी स्वच्छ लिहिलं. अशा मुळांसाठी वेगळ्याच संख्या मानायला युरोपातल्या गणितज्ञांनी सुरुवात केली ती चारेकशे वर्षांनी.

६९ व्या वर्षी त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. पुढे नातू चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख तिथे सापडला.