बुद्धाच्या देशात बुद्ध शोधणारा वाटसरू : धर्मानंद कोसंबी

आपण धम्मसहली काढतो. गाडीत भीमगीते म्हणतो, लेण्यांसमोर फोटो काढतो आणि संध्याकाळी घरी परततो. अशाच एका सहलीत कार्ल्याच्या चैत्यगृहात वस्तीतल्या एका मुलीने मला विचारले, की हे आपल्याच लोकांनी कोरलेले असेल तर आपल्याला ते वाचता का येत नाही? मला लगेच उत्तर देता आले नाही. परतताना धर्मानंद कोसंबी आठवले. सव्वाशे वर्षांपूर्वी असाच एक प्रश्न घेऊन ते घराबाहेर पडले होते.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी झाला. तेव्हा तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते. शाळा फारशी झाली नाही, घरच्या नारळीच्या बागेकडे पाहावे लागे. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील एका लेखातून त्यांना बुद्धाची पहिली ओळख झाली. ज्या देशात तथागतांनी पंचेचाळीस वर्षे पायी फिरून धम्म सांगितला, त्याच देशात एका तरुणाला बुद्ध भेटले ते मासिकाच्या पानावर. घरात, देवळात किंवा शाळेत बुद्धाचा मागमूसही नव्हता.

ते १८९९ च्या अखेरीस निघाले. तो काळही ध्यानात घ्या. ब्राह्मी लिपीचा उलगडा १८३७ मध्येच झाला होता. लुंबिनीचा अशोकस्तंभ १८९६ मध्ये उजेडात आला होता. सारनाथचा सिंहशीर्ष मात्र अजून मातीखालीच होता. दगड बोलू लागले होते, पण बुद्धवचन शिकवणारा गुरू भारतात कुठे भेटेल हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

म्हणून धर्मानंद फिरत राहिले. पुण्यात संस्कृतचे धडे घेतले, डॉ. रा. गो. भांडारकरांना भेटले. ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले आणि तिथे अन्नछत्रात जेवून शिकले. बौद्ध देश म्हणून १९०२ मध्ये मोठ्या आशेने नेपाळ गाठला, पण हवे ते शिक्षण तिथेही मिळाले नाही. बोधगयेला एका भिक्खूने सिलोनला जाण्याचा सल्ला दिला. कलकत्त्याहून ते कोलंबोला पोहोचले आणि विद्योदय विद्यालयात सुमंगल महाथेरांकडे पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. जे वचन मगध-कोसलच्या मातीत बोलले गेले, ते त्यांना सिंहली आणि ब्रह्मी लिपीतून वाचावे लागले. आपला इतिहास शेजाऱ्यांनी जपला आणि आपण तो हरवला, हे त्यांना प्रवासाने शिकवले.

इथे दोन गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत. पहिली, ते निघाले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. त्या शोधाची किंमत बाळाबाईंनीही मोजली आणि त्यांचे नाव आपण क्वचितच घेतो. दुसरी, काशीचे अन्नछत्र आणि संस्कृतची पाठशाळा त्यांना उघडी होती ती ब्राह्मण जन्मामुळे. त्याच वर्षी एखादा महार तरुण हाच प्रश्न घेऊन निघाला असता, तर त्याला पहिल्याच उंबऱ्यावर अडवले असते. वाट एकच असली तरी ती सर्वांसाठी मोकळी नव्हती. इतिहास कोणाला शोधता येतो, हेसुद्धा जातच ठरवत होती.

तरीही धर्मानंदांचे मोठेपण परतल्यावर दिसते. कलकत्त्यात ते पाली शिकवू लागले, चांगला पगार मिळत होता. तेवढ्यात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी महिना पन्नास रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात राहायचे आणि दरवर्षी एक पुस्तक लिहून द्यायचे. धर्मानंदांनी जास्त पगार सोडून पन्नास रुपये पत्करले, कारण शिकलेले त्यांना मराठी माणसापर्यंत न्यायचे होते. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. तो ग्रंथ तिथून छापून निघाला १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. देवनागरीतला विसुद्धिमग्ग मात्र त्यांनी १९४० मध्येच आपल्या हाती दिला होता. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजनविहार उभारला.

‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घर सोडतो ही कथा तपासली. अत्तदंड सुत्ताच्या आधारे त्यांनी दाखवले, की माणसे शस्त्रे घेऊन एकमेकांविरुद्ध उभी राहिलेली पाहून बोधिसत्त्वाला उद्वेग आला होता. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘द बुद्धा अँड हिज धम्म’मध्ये ती कथा नाकारली. दोघांचे मार्ग आणि राजकारण वेगळे होते. धर्मानंद गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. १९५६ ची धम्मक्रांती त्यांनी पाहिली नाही. एका माणसाने वाचलेला धम्म लाखोंच्या जगण्यात उतरला तो बाबासाहेबांमुळे.

त्या मुलीचे उत्तर आता माझ्याकडे आहे. आपल्याला वाचता येत नाही, कारण वाचण्याची वाट आपल्यासाठी बंद ठेवली होती. आज ती बंद नाही. ब्राह्मी लिपीची मुळाक्षरे थोड्या दिवसांत शिकता येतात, पाली विद्यापीठांत शिकवली जाते. पुढच्या सहलीला निघताना वहीत ब्राह्मीचा तक्ता चिकटवा. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटच्या दात्यांची नावे आहेत, त्यांतील एक तरी स्वतः वाचा. फोटो त्यानंतर काढा.

नमो बुद्धाय! जय भीम!