खारा वारा, मतलई वारा आणि कान्होजी

गेटवेवरून मांडव्याला बोटीने गेलायत कधी? डिसेंबरात सकाळची पहिली बोट पकडलीत तर पाणी अगदी शांत. तीच फेरी दुपारी तीन-चारला केलीत तर वायव्येचा वारा सुटलेला असतो आणि तोंडावर खारे शिंतोडे. शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे ते हेच. याच वाऱ्यांचं वेळापत्रक ओळखून एका माणसाने इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांना जवळजवळ तीस वर्षं दाद दिली नाही. सरखेल कान्होजी आंग्रे.

जन्म १६६९च्या सुमाराचा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. तरुणपणी कान्होजींनी सुवर्णदुर्ग राखला, मग सरखेल म्हणजे आरमारप्रमुख झाले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवलं. एवढं पुस्तकात असतंच. समुद्रावर नेमकं काय चालायचं, ते मात्र राहून जातं.

समजा, तुम्ही त्या काळातले नाखवा आहात. हिवाळ्यात कारवारहून मिरी भरून मुंबईला निघालात. इंजिन नाही, फक्त शिड. दुपारचा वारा वायव्येचा, म्हणजे जवळजवळ तोंडावरच. रात्री जमीन गार झाली की डोंगराकडून मतलई सुटतो. तो आडवा मिळतो, त्यामुळे उत्तरेला सरकायचं ते मुख्यतः त्याच्याच भरवशावर. सकाळी उशिरा तो पडतो आणि शिड नुसतं लोंबत राहतं. मग खारा वारा येतो, पण तो तुम्हाला तिरकं किनाऱ्याकडे नेतो. खोल समुद्रातून जाऊ म्हणाल, तर मतलई तिथवर पोचत नाही. थोडक्यात, किनारा डोळ्यांसमोर ठेवूनच जायचं. आणि त्या किनाऱ्यावर काय? विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, कुलाबा, खांदेरी!

वारा पडला की डाव कान्होजींचा. त्यांच्या गलबतांना शिडांबरोबर चाळीस-पन्नास वल्ही असायची. तुमचं जहाज जागच्या जागी, आणि ती वल्हवत येतायत, मोठ्या तोफांची गुराबं ओढत. तुमच्या बऱ्याचशा तोफा दोन्ही कुशींना, म्हणून ते गाठायचे मागून. वाऱ्याशिवाय जहाज वळवणार कसं?

हे टाळायचं तर आधीच पैसे भरून कान्होजींचं दस्तक घ्यायचं. इंग्रजांना ते पटेना, त्यांनी सरळ चाचा ठरवलं. पोर्तुगीज याच समुद्रावर असेच परवाने कधीपासून विकत होते, ते बरे चालायचे! १७१२च्या नोव्हेंबरात कारवारहून मुंबईकडे निघालेलं मिऱ्यांचं जहाज कान्होजींच्या लोकांनी पकडलं. सोबत संरक्षणाला मुंबईच्या गव्हर्नरची स्वतःची बोट होती, तीही गेली. कारवारच्या वखारीचा प्रमुख त्या लढाईत मेला. त्याच्या तरुण बायकोला खंडणी घेऊन सोडलं. तिच्या बाजूने पाहिलं तर ही कथा एवढी रंगतदार वाटत नाही, हेही खरं.

मग इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला, फसला. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना घेऊन कुलाब्यावर आले, तोही फसला.

४ जुलै १७२९ला कान्होजी गेले. ऐन पावसाळा, रात्रंदिवस नैर्ऋत्येचाच वारा, गलबतं खाडीत. समाधी अलिबागेत आहे. मांडव्याला उतरलात की तिथून बस मिळते.